लिबुशेबाईंनी थांबवलेलं वाण

१९९१च्या फेब्रुवारीत लिबुशे मातुलोवा पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आल्या. आमच्या प्रेरोव गावात मी जनावरांची डॉक्टर म्हणून पाटी लावून जेमतेम चार महिने झाले होते. गाई, डुकरं, कुत्री, फार तर एखादा पोपट, एवढीच माझी विद्या. बाईंनी टेबलावर मार्गारिनचा रिकामा डबा ठेवला. झाकणाला सुईने भोकं पाडलेली होती.

"हिची कात बोटांना अडकलीय," त्या म्हणाल्या. "आधी नीट बघा, मग काय घाबरायचं ते घाबरा."

मी डब्याऐवजी त्यांच्याच तोंडाकडे बघत राहिले. चेहरा अनोळखी होता, पण तो आवाज मी लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्या स्टेशनवर गाड्यांची घोषणा करणारा तो आवाज. हुलीनकडे जाणारी गाडी कुठल्या फलाटावर लागणार आणि ब्रेत्स्लावची किती उशिरा येणार, हे आख्ख्या प्रेरोवला इतकी वर्षं सांगत आलेली बाई माझ्यासमोर उभी होती, आणि ती मला म्हणत होती, "डॉक्टरबाई, डबा उघडायचाय ना?"

डब्यात ओल्या फडक्यावर एक पाल बसली होती. वीतभर लांब, नारिंगी, शेपूट गाजरासारखी जाडजूड. भिंतीवरच्या पालीसारखी ती सुळकन पळाली नाही. मान वर करून तिने माझ्याकडे बघितलं आणि सावकाश डोळे मिटून उघडले. पापण्या असलेली पाल मी तोवर पुस्तकातसुद्धा पाहिली नव्हती.

"बिबट्या पाल म्हणतात हिला," लिबुशेबाई म्हणाल्या. "ठिपके असतात म्हणून. हिचे मी घालवले. कोमट पाणी आणि कानात घालायची कापसाची काडी आहे का? मी सांगते तसं करा."

त्या सांगत गेल्या आणि मी करत गेले. दहा मिनिटांनी बोटं मोकळी झाली. पैसे त्यांनी दिले आणि विद्या मी घेतली, असा तो उलटा व्यवहार. निघताना त्या म्हणाल्या, "हात हलका आहे तुमचा. गुरुवारी दुपारी घरी या. आणखी चाळीस आहेत."

मी गेले. पुढची तेवीस वर्षं जातच राहिले.

बाईंचं घर स्टेशनमागच्या सिमेंटच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या. एकीत त्या झोपत आणि दुसरीत पाली राहत. भिंतीला लावलेल्या मांडण्यांवर काचेच्या पेट्या, प्रत्येकीच्या एका टोकाला खालून ऊब, दुसरं टोक थंड, मध्ये ओलं शेवाळ भरलेली आइस्क्रीमची डबी, कात टाकायच्या वेळी आत शिरायला. खिडकीखाली बादल्यांमधून कोंड्यावर पिठातल्या अळ्या वाढवलेल्या. रातकिड्यांची पेटी न्हाणीघरात. त्यातले चारदोन नेहमी सुटलेले असत आणि नळांच्या पोकळीतून वर-खाली सगळ्या इमारतीत किरकिरत असत. चौथ्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटली की म्हणे, "मातुलोवाबाई, तुमचा वाद्यवृंद रात्री बेसूर होता." लिबुशेबाई म्हणत, "नवीन भरती आहे, शिकतील."

हे सगळं सुरू कसं झालं, ते त्यांनी मला तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी सांगितलं. कॉफी ढवळत होत्या. गाळ खाली बसायची वाट बघत एकेक वाक्य सांगायची त्यांची पद्धत. स्टेशनवर दिवसभर बोलायच्या म्हणून की काय, घरी शब्द फार जपून वापरत.

त्यांचा नवरा यारोमीर यंत्रं जोडणारा फिटर. सत्तरच्या दशकात पाकिस्तानात एक साखर कारखाना उभा करायला तो दोन वर्षं गेला होता. परत आला तो एका लोकरी मोज्यात बिबट्या पालींची जोडी घेऊन. तिकडच्या मजुरांना ती विषारी वाटत होती, दगडाने मारणार होते, म्हणून याने उचलली. घरी आणून दोन महिने कौतुक केलं, मग कंटाळला. आणि १९८१ साली ऑस्ट्रियात कामाला म्हणून गेला तो आलाच नाही. तिकडून एकच पत्र आलं, त्यात दुसऱ्या बाईचं नाव होतं.

"मग पाली ठेवल्या कशा तुम्ही?" मी विचारलं. "राग नाही आला?"

"त्यांनी काय केलं होतं? त्याही मोज्यात घालून आणलेल्या, मग टाकलेल्या. माझ्यासारख्याच." एवढं बोलून त्यांनी कॉफीचा घोट घेतला. नवऱ्याबद्दल याहून जास्त त्या माझ्यापाशी कधी बोलल्या नाहीत.

नवरा गेला त्या वर्षीच्या पिल्लांमध्ये एक असं होतं की त्याच्या पाठीवर इतरांपेक्षा निम्मे ठिपके होते. बाईंनी ते वेगळं ठेवलं. पुढच्या वर्षी त्याच्या वंशातलं आणखी कमी ठिपक्यांचं निवडलं. मग पिवळ्यातलं जास्त पिवळं, पिवळ्यातलं नारिंगीकडे झुकणारं. जवळच्या रक्तात जोडी लावायची नाही म्हणून देशभरातल्या पाळणाऱ्यांशी पत्रव्यवहार करून नवं रक्त आणायचं. एका हंगामात दोन-दोन करून मादी अंडी घालणार, ती उबवणी पेटीत वर-खाली न होऊ देता ठेवायची. थोड्या कमी उबेला ठेवली तर माद्या निघतात, जरा जास्तीला नर. दहा वर्षांत बाईंच्या पाली पिकलेल्या जर्दाळूच्या रंगाच्या झाल्या होत्या. प्रत्येकीला त्यांनी स्टेशनचं नाव दिलेलं. माझ्या दवाखान्यात आली होती ती हुलीन. तिची आई ह्रानित्से, मावशी कोयेतीन.

गुरुवारी तिसरा माणूस असे तो ओता स्कात्सेल. मोठ्या चौकात त्याचं केशकर्तनाचं दुकान होतं आणि सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांच्या आमच्या गावच्या मंडळाचा तो अध्यक्ष. साठीचा, पोट सुटलेला, स्वतःच्या डोक्यावर एक केस नाही. त्याच्याकडेही बिबट्या पाली होत्या, पण ठिपकेवाल्या, मुळातल्या. येताना तो कागदात गुंडाळून आमच्याकडचं वास मारणारं चीज आणायचा आणि बाई त्याला ते घेऊन गॅलरीत बसवायच्या.

"स्टेशनबाई," तो गॅलरीतून ओरडायचा, "अजून किती रंगवणार? उद्या यांना लिपस्टिक लावाल."

"न्हावीबुवा, तुम्ही लोकांची डोकी भादरता, मी ठिपके भादरते. तुमचं गिऱ्हाईक महिन्याने परत येतं. माझं काम कायमचं होतं."

तो माझ्याकडे वळायचा. "बघितलंत डॉक्टरीणबाई? आयुष्यभर लोकांना गाड्या चुकवून चुकवून जिभेला धार आलीय."

१९९५ साली बाई निवृत्त झाल्या. दोन वर्षांनी पूर आला.

त्या जुलैबद्दल आमच्याकडे अजूनही कुणी सहज बोलत नाही. चार दिवस सलग पाऊस, आणि बेच्वा नदी काठ सोडून गावात शिरली. बाईंच्या इमारतीचा तळमजला पाण्याखाली गेला. वीज गेली ती पाच दिवस आली नाही. माझा दवाखाना तर वाहूनच गेला म्हणायचा. मी तिसऱ्या दिवशी अग्निशमनवाल्यांच्या होडीतून बाईंच्या जिन्यापर्यंत पोचले, वर गेले, तर बाई स्वयंपाकघरात खुर्चीवर ताठ बसलेल्या. पोटाशी शालीने काहीतरी घट्ट बांधलेलं.

"हलवू नका मला," त्या म्हणाल्या. "अंडी आहेत."

उबवणी पेटी बंद पडल्यावर त्यांनी शेवटची आठ अंडी, ओल्या मातीसकट, एका सपाट डब्यात जशीच्या तशी ठेवून डबा अंगाशी बांधला होता. अंडं कलंडलं तर आतला जीव बुडतो, म्हणून तीन दिवस त्या आडव्या झाल्या नव्हत्या. मोठ्या पालींना त्यांनी उशीच्या अभ्र्यात घालून गादीत गुंडाळलं होतं. त्यांना काही होणार नव्हतं. मोठ्या पाली आठवडाभर शेपटीतल्या चरबीवर राहतात.

वीज येईस्तोवर बाई त्या खुर्चीवरच होत्या. नंतर ओताने त्यांना चिडवलं, "जुलै महिना होता हो. टेबलावर ठेवली असती तरी निघाली असती."

"टेबलाला काय कळतं?" बाई म्हणाल्या.

आठातली पाच फुटली. त्यातलं शेवटचं पिल्लू ऑगस्टच्या मध्यावर बाहेर आलं आणि बाईंनी मला कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फोनवरून बोलावलं. एरवी त्या फोन करत नसत. मी जाऊन बघते तर पांढरंशुभ्र पिल्लू. दुधावर जांभळाचा रस सांडावा तसे फिकट जांभळे डाग, आणि शेपटीला नारिंगी टोक. असं काही मी पाहिलं नव्हतं, बाईंनी नव्हतं, ओताने तर नव्हतंच. तो कितीतरी वेळ काचेला नाक लावून बसला. चिडवायचंसुद्धा विसरला.

नाव सेनित्से. बाईंच्या आईच्या गावचं स्टेशन ते. दोन खांब आणि एक बाक. इतकी वर्षं हे नाव त्यांनी कुणालाच दिलं नव्हतं.

सेनित्सेची मान किंचित डावीकडे कललेली असायची. रातकिडा सोडला की ती पहिल्या झेपेला चुकायची, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पकडायची. बाईंनी मला दाखवलं. मी तपासलं आणि म्हटलं, "पुरात अंडं गार पडलं असणार. त्याचं हे." मी डॉक्टर होते, माझ्या शब्दाला वजन होतं. बाईंनाही ते पटलं. पुराचं लेकरू, थोडं वाकडं असायचंच. उलट त्या वाकडेपणामुळे ती आम्हा तिघांची जास्तच लाडकी झाली. गुरुवारी ती टेबलावरच्या टॉवेलवर बसून मान तिरकी करून आमचं बोलणं ऐकतेय असं वाटायचं.

१९९९च्या उन्हाळ्यात तिला पहिली पिल्लं झाली. निम्मी नारिंगी, निम्मी पांढरी. पुढच्या वर्षीही तसंच. बातमी पसरली. रविवारी रेल्वे कामगारांच्या सभागृहात आमच्या मंडळाचा बाजार भरायचा, तिथे बाईंच्या टेबलाभोवती पोलंडपासूनचे लोक गर्दी करायला लागले. एका हॉलंडवाल्याने सगळ्या पांढऱ्या पालींना मिळून नव्या मोटारीची किंमत सांगितली. बाई म्हणाल्या, "मला गाडी चालवता येत नाही." पण नीट पाळतील अशी खात्री पटलेल्या माणसांना त्यांनी त्या दोन वर्षांत चौदा पांढरी पिल्लं दिली. दोन ओताला. तो त्यांना घेऊन जर्मनीच्या मोठ्या प्रदर्शनात जायचं स्वप्न बघत होता. मंडळाच्या नावाचा फलकसुद्धा त्याने रंगवून घेतला होता.

२००१च्या मार्चमधल्या एका गुरुवारी मी गेले तेव्हा बाईंनी कॉफी केली नव्हती. एका पेटीसमोर त्या बसल्या होत्या.

"ब्लांका," त्या म्हणाल्या. मला नावाने हाक मारायला त्यांना नऊ वर्षं लागली होती. "ही बघ."

सेनित्सेची मुलगी. दीड वर्षाची. ती गोल फिरत होती. डावीकडून डावीकडे, पुन्हा डावीकडे. मग थांबली, मान मागे टाकली आणि छताकडे बघत राहिली. छतावर काही नव्हतं.

"कधीपासून?"

"थोडं थोडं पहिल्यापासून. मी स्वतःला सांगत होते, आईची सवय उचलली. पाली कुठे सवयी उचलतात, ब्लांका?"

शंकेची पाल माझ्याही मनात चुकचुकली होती, पण मी तिला हुसकावून लावत आले होते. ही पोर पुरात नव्हती. हिचं अंडं कधी गार पडलं नव्हतं. आम्ही त्या संध्याकाळी पाचही पांढऱ्या पोरांना एकेक रातकिडा दिला. पाचही चुकल्या. एकीची मान नुसती थरथरली, एकीने तर उलट्या दिशेला झेप घेतली. नारिंगी भावंडांनी एका झेपेत रातकिडे गिळले.

मी ऊब बदलून पाहिली, कॅल्शियमची पूड बदलली, जीवनसत्त्वं दिली, ब्रनोच्या एका प्राध्यापकांना नमुने पाठवले. काही सापडलं नाही. बाईंनी मात्र आपला जुना मार्ग धरला. सेनित्सेच्या एका पांढऱ्या मुलाची जोडी त्यांनी ओताच्या ठिपकेवाल्या मादीशी लावली. तिचा या रक्ताशी काडीचाही संबंध नव्हता. आठ पिल्लं झाली. चार पांढरी, चार ठिपक्यांची. तीन महिन्यांची होईस्तोवर चारही पांढऱ्यांच्या माना कलल्या होत्या. ठिपकेवाली चारही ठणठणीत.

"रंग आणि रोग एकाच डब्यात बसून आलेत," बाई म्हणाल्या. "एकाला उतरवून दुसऱ्याला पुढे नेता येणार नाही."

"मीच म्हटलं होतं पुरामुळे," मी म्हणाले. "मला आधीच कळायला हवं होतं."

"तू एकदा म्हटलंस. मी रोज म्हणत होते."

ओताला हे सांगितलं तेव्हा तो भडकला. मी त्याला त्या आधी कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"मान वाकडी आहे म्हणून? माझ्या बायकोची मान तीस वर्षं वाकडी आहे, मी तिला परत केली का?"

"तुमच्या बायकोला घास तोंडात नेता येतो, ओताजी."

"खातात की त्याही. चारदा चुकतात, पाचव्यांदा खातात. बाजारात कुणाला कळणार आहे? आणि आपण नाही काढलं तर दुसरं कुणीतरी काढेल, मग नाव त्याचं होईल. वीस वर्षं खपलात तुम्ही यासाठी."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी फक्त नाक मुरडलं असतं. हे मी केलंय."

ओता दार आपटून गेला आणि तीन महिने आला नाही.

पुढच्या रविवारी बाजारात बाई नेहमीच्या टेबलापाशी गेल्याच नाहीत. त्या सरळ मंचावर चढल्या आणि तिथला माइक हातात घेतला. सहा वर्षं त्यांनी माइक धरला नव्हता. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. सवयीने आलेले शब्द होते. सभागृहात हशा पिकला. त्यांनी हसू ओसरू दिलं. मग त्याच सपाट, स्पष्ट आवाजात सांगितलं की आपण काढलेल्या पांढऱ्या वाणाच्या पालींच्या डोक्यात दोष आहे, तो रंगाबरोबरच पिल्लांत उतरतो, हे आपल्या लक्षात यायला दोन वर्षं लागली, ती चूक आपली. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी जोड्या लावू नयेत. आपण स्वतः येऊन त्या परत नेऊ आणि बदल्यात नारिंगी देऊ. शेवटी त्यांनी हे सगळं पुन्हा एकदा सांगितलं, शब्दाला शब्द, जसं स्टेशनवर सांगत. दुसऱ्या वेळी कुणी हसलं नाही.

मग त्या गावोगाव फिरल्या. रेल्वेच्या निवृत्तांना मिळणारा पास होताच. थर्मोकोलची पेटी, त्यात गरम पाण्याची रबरी पिशवी, आणि दुसऱ्या डब्यात बदल्यात द्यायची नारिंगी पिल्लं. बहुतेकांनी मुकाट्याने परत दिल्या. एक-दोघांनी आधी दारातूनच हाकललं, दुसऱ्या खेपेला दिल्या. ब्रेत्स्लावला मी बरोबर गेले होते. तिथला माणूस वेटर होता, कुंझ नावाचा. त्याच्याकडे तीन पांढऱ्या होत्या.

"खाते, पिते, अंडी घालेल," तो म्हणाला. "मला तर काही दोष दिसत नाही. तुम्हाला आता जास्त भाव मिळतोय वाटतं कुठे."

बाईंनी वाद घातला नाही. "तुमच्याकडे रातकिडे आहेत ना? एक सोडा पेटीत. मी बघते आणि जाते."

त्याने सोडला. पालीने झेप घेतली, चुकली. फिरली. पुन्हा झेप, पुन्हा चुकली. चौथ्या वेळी तिने स्वतःच्याच पायाला तोंड मारलं. कुंझ हसायला बघत होता पण जमेना. स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको पीठ लागलेले हात पुसत उभी होती.

"रोज मला म्हणतोस, बघ कशी नाचते," ती म्हणाली. "नाचत नव्हती होय ती?"

ती पुढे झाली, पेटीचं झाकण काढलं आणि नवऱ्याला म्हणाली, "दे त्यांना. तिन्ही दे." निघताना तिने आम्हाला प्रवासात खायला गरम कोलाचे, जॅम भरलेले गोड पाव, बांधून दिले. परतीच्या गाडीत बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी कोलाचा पुढे केला तर घेतला, अर्धा खाल्ला, आणि म्हणाल्या, "सुंदर होत्या, नाही? रंगाने." त्यावर मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

चौदातल्या नऊ परत आल्या. तीन परदेशी गेल्या होत्या, त्यांचा माग लागला नाही. उरलेल्या दोन ओताकडे होत्या. पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दाराची घंटा वाजली. ओता उभा होता. एका हातात बुटांच्या खोक्यात दोन पाली, दुसऱ्या हातात चिजाची पुडी.

"गॅलरीत बसतो," तो म्हणाला.

"बसा आतच," बाई म्हणाल्या. "एकदाच काय तो वास येईल."

तो आत बसला. फलकाचं काय केलं ते आम्ही विचारलं नाही. खूप नंतर कळलं, त्याने त्याच लाकडाची पेट्या ठेवायची मांडणी केली होती.

ओताच्या मादीच्या त्या आठ पिल्लांतल्या चार धरून बाईंकडे आता एकवीस पांढऱ्या पाली झाल्या. मंडळातल्या काहींनी सुचवलं की त्यांना कायमच्या झोपेचं इंजेक्शन द्यावं. मी द्यायला तयार होते आणि ज्या दोघी खूपच त्रासात होत्या त्यांना दिलंही. बाकीच्यांबद्दल बाई म्हणाल्या, "त्यांना बोलावलं मी. आल्यात तर जेवून जातील." त्यांनी खोलीतले सगळे दगड काढले, कारण गोल फिरताना त्या आपटत. पाण्याच्या वाट्या उथळ केल्या. नर-मादी वेगळे ठेवले. आणि दर दिवसाआड प्रत्येकीला चिमट्याने अळी थेट तोंडाशी धरून भरवायला सुरुवात केली. एकीला पाच-सहा मिनिटं लागत. मान डोलत असायची, तोंड कुठे उघडेल त्याचा नेम नसायचा, चिमटा तिच्या लयीत हलवावा लागायचा.

आता मागे वळून बघते तेव्हा मला तेच गुरुवार सगळ्यात जास्त आठवतात. आम्ही तिघं टेबलाशी, तिघांच्या हातात चिमटे, मध्ये बाबोव्का केकचे तुकडे आणि अळ्यांची वाटी, आणि गप्पांत चुकून हात भलत्या वाटीत जाऊ नये म्हणून बाईंची सतत चाललेली राखण. ओता दोन पालींमध्ये गावातल्या सगळ्या डोक्यांच्या भानगडी सांगायचा. हिवाळ्यात बाहेर चारलाच अंधार पडायचा, काचा धुक्याने भरायच्या, स्टेशनवरून आता घोषणा करणाऱ्या मशीनचा सपाट आवाज यायचा आणि बाई चिमटा न थांबवता म्हणायच्या, "कोयेतीनचा उच्चार चुकवते ही बया अजून." घाई कुणालाच नव्हती. मी मोठ्या शहरात चांगली नोकरी मिळत असताना गेले नाही, त्याची कारणं मी लोकांना वेगवेगळी सांगितली. खरं कारण ते टेबल होतं.

नारिंगी वाण बाईंनी चालू ठेवलं, पण नवीन रंग पुन्हा शोधला नाही. निवडताना त्या आता आधी रातकिडा सोडून झेप बघत, रंग नंतर.

ओता २००८ साली हृदयविकाराने गेला. त्याच्या ठिपकेवाल्या पाली त्याच्या मुलीने बाईंना आणून दिल्या. पांढऱ्या एकेक करून म्हातारपणाने जात राहिल्या. सेनित्से सगळ्यांत शेवटची. २०१४च्या वसंतात, सतराव्या वर्षी, भरवताना तिने तोंड उघडलंच नाही. बाईंनी चिमटा खाली ठेवला, तिला तळहातावर घेतलं आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा ती गेली होती. बाईंनी तिला शालीत ठेवलं होतं. इमारतीमागच्या लायलॅकच्या झुडपाखाली मी खड्डा खणला. बाईंना तेव्हा वाकता येत नव्हतं.

त्याच वर्षी त्या लिपनिकच्या वृद्धाश्रमात गेल्या. बाकीच्या पाली मी आणि मंडळातल्या लोकांनी वाटून घेतल्या. आश्रमाच्या व्यवस्थापिकेने पहिल्यांदा सरळ नाही म्हटलं, मग एका पेटीला परवानगी दिली, बसायच्या मोठ्या खोलीत. बाईंनी एक साधी नारिंगी मादी नेली. पहिल्या आठवड्यात तिथल्या आज्या त्या भिंतीकडे पाठ करून बसत. दुसऱ्या महिन्यात भरवायच्या वेळी खुर्च्या सरकवण्यावरून भांडणं व्हायला लागली. बाई सगळ्यांना एकच नियम सांगत, "बोट नाही घालायचं. ती बोलावते तेव्हा कळतं."

२०१७च्या नोव्हेंबरमध्ये लिबुशेबाई झोपेतच गेल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. अंत्यविधीला मंडळातले अकरा जण होते, स्टेशनवरचे चार, आणि ब्रेत्स्लावहून कुंझची बायको, एकटी. तिने मला ओळखलं. तिच्याकडे बदल्यात मिळालेल्या पालीची नात होती म्हणाली, आणि ती एका झेपेत खाते.

आश्रमातली पाल मी घरी घेऊन जायला म्हणून गेले, तर एका नव्वदीच्या आजीने पेटीवर हात ठेवला.

"कुठे नेतेस तिला?"

"लिबुशेबाई गेल्या ना आज्जी, आता हिचं कोण करणार?"

"कोण म्हणजे?" आजीने ॲप्रनच्या खिशातून चिमटा काढून दाखवला. "सोमवारी मी, बुधवारी तो बहिरा, शुक्रवारी मार्केता. तुला रविवार हवा असेल तर सांग, रविवार रिकामा आहे."

मी रविवार घेतला.